फूल कुठंय यात?

मागच्या जुलैत ताम्हिणी घाटात एका फुलाचे मी अकरा फोटो काढले. गुलाबी तुरा, वर पावसाचे थेंब, मागे धुकं. घरी आल्याआल्या खालच्या मजल्यावरच्या सरांना पाठवले. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांचं उत्तर आलं, "फूल कुठंय यात?"

मी रागारागानेच खाली गेले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो मोठा केला. ही रानहळद. मी ज्याला फूल म्हणत होते, ती कणसाच्या शेंड्यावरची रंगीत छदं, म्हणजे नटलेली पानंच. खरी फुलं पिवळी आणि जरा खाली, हिरव्या छदांच्या खोबणीत दडून बसलेली. अकरा फोटोंपैकी एकात, तेही कोपऱ्यात, एक पिवळा ठिपका सापडला. धूसर.

तेव्हापासून सरांचे प्रश्न मला पाठ झालेत. पानं समोरासमोर की एकाआड एक? देठावर लव आहे का? चुरगळून वास घेतलास? कातळावर होतं की झाडाच्या सावलीत? पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरांकडे जावं आणि त्यांनी आधी जीभ बघावी, तसं काहीसं.

भूछत्राच्या वेळी तर कमालच झाली. आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर एका पावसात पांढऱ्या छत्र्या उगवल्या, चांगल्या बशीएवढ्या. शेजारच्या काकू रत्नागिरीकडच्या. त्या टोपलीच घेऊन आल्या. "अगं, अळंबी! आम्ही भाजी करायचो." मोबाइलमधल्या ॲपने तीन नावं सुचवली, म्हणजे एकही नाही. सर म्हणाले, "एक टोपी देठापासून काप, खालच्या पडद्या टेकतील अशी पांढऱ्या कागदावर ठेव आणि वर वाटी झाक. सकाळी बघू."

सकाळी वाटी उचलली. कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी बारीक नक्षी उमटली होती, बीजाणूंच्या भुकटीची. रंग मळकट हिरवा. सर एवढंच म्हणाले, "क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. टोपली परत ने म्हणावं." हे खाल्लं तर काही तासांत उलट्या-जुलाब. कोवळेपणी त्याच्या पडद्याही पांढऱ्याच असतात, म्हणून फसगत होते. काकूंच्या गावची अळंबी वाळवीच्या घरातून वर येते, तिचा देठ मुळासारखा खोल जमिनीत गेलेला असतो. आमच्या हिरवळीखाली वाळवी कुठली? काकू दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत. मला वाटतं, भाजी हुकल्याचं दुःख विषापेक्षा मोठं होतं.

साप मात्र सरांनी अभ्यासक्रमातून वगळलाय. "बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरत जातात, विषारी मण्यारीचे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. पण हे तू जवळ जाऊन तपासायचं नाहीस. लांबून एक फोटो, आणि घरी."

यंदा मी तयारीनिशी गेले. पानाची वरची बाजू, खालची बाजू, देठ, खोड, मापाला शेजारी दहा रुपयांचं नाणं. एकूण नऊ फोटो, सगळे स्वच्छ. अभिमानाने पाठवून दिले.

"वा," सरांनी लिहिलं, "आणि फूल?"