पितळ, लाकूड आणि सरस
वैशाखातल्या उन्हाने आमच्या सागवानी पेटीच्या झाकणात बसवलेली पितळी पट्टी यंदा पुन्हा उचकटली. लाकूड आकसते, पितळ तसे आकसत नाही. हीच अडचण आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या पॅरिसच्या कारागिराच्या मेजांना आजही भोवते. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पातळ तुकडा एकावर एक ठेवून ते एकाच वेळी बारीक करवतीने कापत, त्यामुळे एकाची नक्षी दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत अचूक बसे आणि उरलेल्या भागांतून उलट्या रंगसंगतीची जोडीची वस्तू तयार होई. मला ही काटकसर फार सुंदर वाटते. आमची पेटी आजीच्या माहेरून, आरमोरीहून, बैलगाडीने आली; तिची पट्टी गावचा सुतार आज सरस तापवून बसवतो आहे, आणि बूलच्या कारखान्यातही सरसच वापरत.