एनसी ५०० आणि डरनेसला अडकलेली फिरती सीट

जूनमध्ये आईबाबा सांगलीहून आले होते तेव्हा आम्ही चौघं आमची कॅम्पर व्हॅन घेऊन स्कॉटलंडच्या एनसी ५०० वर जाऊन आलो. रस्त्याबद्दल बरंच काही लिहिता येईल आणि थोडं लिहिणारही आहे, पण आधी सीटबद्दल लिहिते, कारण डरनेसला आमची पुढची फिरती सीट अर्ध्यात अडकून बसली आणि त्या रात्री मला मराठीतून कुणी सांगितलेलं काहीतरी वाचायला मिळालं असतं तर फार बरं वाटलं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनसी ५०० म्हणजे इन्व्हरनेसच्या किल्ल्यापासून निघून उत्तर स्कॉटलंडच्या किनाऱ्याने फिरून परत तिथेच येणारा साधारण ५१६ मैलांचा रस्ता, २०१५ पासून या नावाने ओळखला जातो. आम्ही आधी पश्चिमेकडे गेलो, ॲपलक्रॉस, टॉरिडन, गेअरलॉख, अलापूल, मग अकमेल्विच आणि तिथून वर डरनेस. घाई नव्हती, आईच्या गुडघ्यामुळे रोज जास्तीत जास्त तीन तास गाडी चालवायची असं ठरवलं होतं.

आमची व्हॅन फियाट ड्युकाटोवर बांधलेली, सेकंडहँड घेतलेली. छोट्या व्हॅनमध्ये पुढच्या दोन सीट मागे फिरवल्या की टेबलाभोवती चौघं बसू शकतात, नाहीतर मागच्या बाकावर दोघंच. आणि आईला त्या बाकावर टेबलाच्या फटीतून आत सरकता येत नाही, गुडघा वळत नाही, म्हणून डावीकडची पॅसेंजर सीट फिरवून तिला द्यायची. चार दिवसात ती जागा तिचीच झाली होती. तिथे बसून ती भाजणी मळायची, खिडकीतून समुद्र बघायची, आणि गाडी सुरू करताना सीट परत पुढे फिरवली की थोडी हिरमुसायची.

डरनेसला आम्ही सँगो सँड्सच्या कॅम्पसाईटवर थांबलो, अगदी कड्याच्या टोकाला, खाली समुद्र. संध्याकाळी आठ वाजले असतील. नेहमीसारखं सीट रेल्सवर मधोमध आणली, पाठ सरळ केली, दार उघडलं (दार उघडल्याशिवाय आमची सीट फिरताना घासते), खटक्याची दांडी वर उचलली आणि फिरवायला लागले. साधारण पाऊण वळली आणि थांबली. पुढे नाही, मागे नाही. दांडीही वर-खाली हलेना. नवरा आला, त्याने सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ओढली, तर खालून कर्र असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण ती सीट अशी आडवी राहिली तर तिच्यावर बसवून कुणाला नेता येणार नाही, आमच्या गाडीत चारच बेल्ट आहेत, म्हणजे चौघांपैकी एकाला तिथेच सोडून जायचं की काय.

बाबा कुपवाड एमआयडीसीत चौतीस वर्षं फिटर होते. ते बाहेर चहा घेत बसले होते, आवाज ऐकून उठून आले आणि नवऱ्याला म्हणाले, "थांबा, जोर लावू नका. पाठीला धरून ओढलं की तो लांब दांडा होतो, खालची प्लेट वाकेल." मग मला म्हणाले, "आधी बघ की काय अडकलंय ते. लोखंड उगाच अडत नाही."

हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितेय कारण बहुतेक जण पहिलं काम जोर लावायचंच करतात, आम्हीही केलं. आणि दुसरं काम म्हणजे तेलाचा स्प्रे मारायचा. नवऱ्याच्या हातात डब्ल्यूडी-४० चा डबा आलाही होता, बाबांनी तो बाजूला ठेवायला लावला.

सीट फिरते कशी ते आधी समजून घेतलं पाहिजे. सीटच्या खाली एक पेटी असते, पेटीवर एक लोखंडी प्लेट बोल्टने बसवलेली, तिच्यावर दुसरी प्लेट, आणि त्या वरच्या प्लेटवर सीटचे रेल्स. दोन प्लेटींच्या मधे सरकायला प्लास्टिकच्या चकत्या किंवा छर्रे असतात. मधोमध मोठं भोक, त्यातून वायरी वर जातात. आणि एक स्प्रिंगवाली खिटी, जी दांडी सोडली की खाचेत बसते आणि सीट लॉक होते. म्हणजे अडकायच्या जागा मोजून तीन-चार. प्लेटींच्या मधे काहीतरी जाणं, खिटी खाचेत नीट न उठणं-बसणं, वायर पिळून ताणली जाणं, आणि बाहेरून बेल्टचं बक्कल किंवा पिशवीचा बंद अडकणं. शेवटचं सगळ्यात आधी तपासा, अर्ध्या वेळा तेच असतं.

आमचं ते नव्हतं. मग मी फोनचा टॉर्च लावून व्हिडिओ सुरू केला आणि फोन सीटखाली सरकवून हळूहळू चारही बाजूंनी फिरवला, डोकं घालायला जागाच नसते तिथे. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा, नंतर थांबवून थांबवून बघता येतो. आधी वायरी बघितल्या, त्या सैल होत्या, पिळलेल्या नव्हत्या. त्यात एक पिवळं कनेक्टर दिसलं. पिवळं म्हणजे एअरबॅग किंवा बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचं, त्याला अजिबात हात लावायचा नाही. आणि आमच्या गाडीत मागच्या राहायच्या भागातल्या दिव्यांची जादा बॅटरी त्याच सीटखाली आहे, म्हणून बाबांनी आधी टर्मिनलवरची प्लास्टिकची झाकणं नीट बसली आहेत ना ते बघितलं, पाना किंवा पक्कड त्यावर पडली तर ठिणगीच.

व्हिडिओच्या तिसऱ्या फेरीत सापडलं. दोन प्लेटींच्या फटीत काळी तारेसारखी वस्तू, तिचा एक पाय खिटीच्या खाचेत शिरलेला. मी बाबांना दाखवलं, आई मागून वाकून बघत होती, ती म्हणाली, "अगं, माझाच की गं तो आकडा." अंबाड्यातला आकडा. सीटवर बसून डोकं टेकलं की एखादा निसटतो आणि कडेने खाली जातो, तिला कळणार तरी कसं. तिचा चेहरा इतका उतरला की मला आधी तिलाच जवळ घ्यावं लागलं.

काढायचा कसा तर बाबांनी सांगितलं की जिकडे फिरवत होतीस तिकडे नाही, आली त्या वाटेने दोन बोटं मागे घ्यायची, म्हणजे आकड्यावरचा दाब कमी होईल. मी दांडी वर ओढून धरली, नवऱ्याने सीटला पाठीला नाही तर अगदी खाली, रेल्सजवळच्या फ्रेमला दोन्ही बाजूंनी धरून हलकेच हलवत मागे दाबलं, झटका नाही, नुसतं हलवत हलवत. चार-पाच वेळा केल्यावर टक् असा बारीक आवाज आला आणि दांडी सुटली. मग लांब तोंडाच्या पक्कडने आकडा बाहेर ओढला. माझा भुवयांचा चिमटा पोचलाच नाही, चांगली सहा इंची नोजप्लायर गाडीत असूच द्या. आकडा चपटा झाला होता, एका पायावरचा काळा रंग पूर्ण घासला जाऊन आतलं लोखंड चकचकत होतं. म्हणजे तो आजच गेला नव्हता, दोन-तीन दिवस प्रत्येक फिरवण्यात दळला जात होता. आणि मला आठवलं की अलापूलपासूनच सीट जरा जड फिरतेय असं मी म्हणाले होते. तेव्हाच वाकून बघितलं असतं तर ही वेळ आली नसती. सीट जड लागली की त्याच दिवशी बघा, प्लीज.

आकडा निघाला तरी सीट खरखरतच होती. ती अकमेल्विचची वाळू. तो बीच खरंच बघण्यासारखा आहे, पांढरीशुभ्र वाळू आणि निळंहिरवं पाणी, पण ती शिंपल्यांची बारीक वाळू बुटात, सॉक्समध्ये, टॉवेलात बसून गाडीत येते आणि पुढच्या सीटखालीच साठते कारण बूट तिथेच काढले जातात. बाबा म्हणाले, यावर तेल मारलं असतं तर व्हॉल्व्ह बसवताना कार्बोरंडमची पेस्ट लावतात तशी पेस्ट झाली असती, प्रत्येक फिरवण्याला प्लेटी घासल्या गेल्या असत्या. म्हणून आधी कोरडी सफाई. जुन्या टूथब्रशने फटीतून वाळू सोडवली, हवेच्या गादीच्या पंपाने फुंकली, सीट थोडी फिरवून परत ब्रश, परत हवा. शेजारच्या व्हॅनमधले यॉर्कशायरचे एक आजोबा आमचं चाललेलं बघून छोटा चार्जिंगचा व्हॅक्यूम घेऊन आले, त्याने तर मूठभर वाळू निघाली. खिटीची खाच कानात घालायच्या काडीने पुसली, कापूस तीन वेळा काळा आला, चौथ्यांदा स्वच्छ.

मग त्याच आजोबांकडे कोरडा पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉनचा) स्प्रे होता, तो प्लेटींच्या कडेने आणि खिटीवर अगदी थोडा मारला. हा वाळला की चिकटपणा राहत नाही म्हणून वाळू धरत नाही. डब्ल्यूडी-४० गंजलेला बोल्ट सोडवायला चांगला, पण कायमचं वंगण म्हणून नाही, आणि साधं घट्ट ग्रीस समुद्रकिनाऱ्यावर फिरणाऱ्या गाडीत तर नकोच.

हे सगळं होईस्तोवर दहा वाजून गेले होते. जूनमध्ये तिथे दहानंतरही सूर्य असतो त्यामुळे टॉर्च नुसता सीटखाली लागला. वारा होता म्हणून मिजेस (तिथले चावणारे बारीक किडे) नव्हते, नाहीतर दार उघडं टाकून दोन तास काम करणं अशक्य होतं. रात्री साडेदहाला आई तिच्या जागेवर बसून मेतकूट-भात जेवली.

सकाळी निघायच्या आधी बाबांनी जे केलं ते माझ्या मते या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. सीट सरळ करून लॉक केली, खिटी खट्कन पूर्ण बसली का ते ऐकलं, मग फोन खाली घालून डोळ्यांनी बघितलं, मग दोघांनी मिळून सीट चारी बाजूंनी जोरात हलवली. हे दहा वेळा. एकदा जरी खिटी अर्धवट बसली असती तर आईला तिथे बसवायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ही सीट म्हणजे फर्निचर नाही, अपघातात माणसाला धरून ठेवणारी गोष्ट आहे. गाडी चालू असताना ती पुढे तोंड करून लॉक असलीच पाहिजे.

आम्ही एकही बोल्ट खोलला नाही हेही सांगते. खिटी वाकली असेल, प्लेट वाकली असेल, किंवा सीट पेटीवरून उचलावी लागणार असेल तर ते कॅम्पसाईटवर करू नका. त्यासाठी बॅटरी सोडवून गाडीच्या पुस्तकात सांगितलाय तेवढा वेळ थांबून मग ती पिवळी कनेक्टरं काढावी लागतात, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो किंवा त्याहून वाईट काही होऊ शकतं, आणि बोल्ट परत बसवताना टॉर्क रेंचने बरोबर मापात आवळावे लागतात. अंदाजाने आवळायचे बोल्ट नाहीत ते. आणि ड्रायव्हरची सीट अडकली असेल तर अजून एक, आमच्या गाडीत हँडब्रेक ड्रायव्हरची सीट आणि दार यांच्या मधे आहे, सीट फिरवायला तो खाली करावा लागतो. त्याआधी गाडी गिअरमध्ये आणि चाकांना ठोकळे, सपाट जागेवर असलात तरी.

डरनेसहून थर्सो साधारण ७० मैल. लॉख एरिबोलला पूर्ण वळसा घालून रस्ता जातो, मग टंगचा पूल, मग बेटीहिल. थर्सोत एका गॅरेजवाल्याला सीट दाखवली, त्याने खालून बघून बोल्ट तपासले आणि ठीक आहे म्हणाला. तेव्हा कुठे मी निर्धास्त झाले.

आता जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं थोडं. पासिंग प्लेस म्हणजे एकच गाडी मावेल अशा अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट द्यायची जागा, तिथे फोटोसाठी गाडी लावू नका आणि रात्री तर मुळीच नाही, मागे स्थानिक गाडी आली तर तिलाही तिथे थांबून पुढे जाऊ द्या, त्यांना कामावर जायचं असतं. ॲपलक्रॉसला जाणारा बेलाख ना बा घाट ६२६ मीटरवर चढतो, आपल्या आंबा घाटासारखी गर्द झाडी तिथे नाही, नुसता उघडा डोंगर आणि अरुंद वळणं. खाली पाटीच आहे की मोठ्या गाड्या आणि कॅराव्हॅन नेऊ नका. आम्ही शील्डेगवरून किनाऱ्याने गेलो, वेळ जास्त लागला पण आईने सील बघितले. स्कॉटलंडमध्ये तंबू घेऊन कुठेही राहता येतं हे ऐकून व्हॅन कुठेही लावू नका, तो हक्क मोटारगाड्यांना नाही. जून ते ऑगस्ट कॅम्पसाईट आधी बुक करा. डिझेल अर्धं झालं की भरा. मिजेससाठी डोक्यावर घालायची जाळी घ्या, वारा पडला की पाच मिनिटांत येतात.

आणि गाडीत ठेवा: नोजप्लायर, जुना टूथब्रश, कोरडा पीटीएफई स्प्रे, छोटा व्हॅक्यूम, आणि दारात बूट झाडायला एक खरखरीत मॅट. आईने तिचे सगळे आकडे एका रिकाम्या कुंकवाच्या डबीत घालून सिंकवरच्या कप्प्यात ठेवले होते, सांगलीला परत जाताना ती डबी तिने गाडीतच ठेवली, पुढच्या जूनला लागतील म्हणाली.