साडेनऊ लिटर

"अगं, तुझ्या पंपाचं गरम पाणी येईस्तोवर माझी अर्धी पूजा होते," सासूबाई म्हणाल्या. त्या पहाटे साडेपाचला आंघोळ करतात, आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली जानेवारीची पहाट म्हणजे थट्टा नव्हे. गच्चीवरचा हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, नवाकोरा, टाकीवर ५० डिग्री दिसताहेत. मग नळाला बर्फ का?

मी नळ सोडून बसले. २० लिटरची बादली जवळजवळ अर्धी झाली तेव्हा कुठे पाणी कोमट लागलं.

प्लंबरने "दिखेगा नहीं, मॅडम" म्हणत एक इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लॅस्टिकचा, पाइप कठड्याच्या कडेकडेने अख्खी गच्ची फिरवून आणला होता. टेपने मोजला, २२ मीटर! एक इंची पाइपात मीटरमागे साधारण ०.४३ लिटर पाणी मावतं. करा गुणाकार. रात्री गार झालेलं तेवढं पाणी सकाळी आधी बाहेर येणार, आणि आंघोळ उरकली की तेवढंच तापवलेलं पाणी पुन्हा पाइपात अडकून गार होणार. एक युनिट विजेत तीनेक युनिटांची उष्णता देणारं यंत्र आणायचं आणि ती कठड्याला वाटायची!

पाइपावर उष्णता धरून ठेवणारं रबर चढवून भागेल, असं यांचं म्हणणं होतं. पण रजई कितीही जाड असली तरी रात्र मोठी असते. म्हणून आधी वाट बदलली. जुन्या डक्टमधून सरळ खाली, पाऊण इंची, ८ मीटर. आता जेमतेम दोन लिटर पाणी वाया जातं.

मग काळं नायट्राइल रबर, १३ मिलिमीटर जाडीचं. एल्बोपाशी, म्हणजे पाइपाच्या वळणावरच्या जोडापाशी, प्लंबर रबराची सरळ नळी दाबून वाकवत होता. तिथेच फट राहते. मी तिरके काप देऊन जोड चिकटवून घेतले. क्लॅम्पही सैल ठेवायला लावले, कारण गरम झाल्यावर १० मीटर सीपीव्हीसी जवळपास तीन सेंटिमीटर लांबतो. घट्ट आवळला की रात्री कटकट वाजत बसतो. गच्चीवरच्या तुकड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळला. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात उघडं रबर किती टिकणार?

तरी एक चूक राहिलीच. ती शेजारच्या मांजराने दाखवली. आमच्या आंघोळी झाल्या की ते रोज टाकीमागच्या एकाच एल्बोला पाठ लावून बसायचं. पत्रा काढून पाहिलं, तर खाली बोटभर पाइप उघडा.




तो परवा झाकला. मांजर दोन दिवस येऊन वास घेऊन गेलं. आज आलं नाही.