चाळीस मीटरवर आता ऐकू येतंय: एफटी८ची हिवाळ्यातली नोंद

ही माझ्या हौशी (हॅम) रेडिओ स्टेशनची नोंद. चाळीस मीटर म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा बँड, आणि एफटी८ म्हणजे क्षीण सिग्नलही संगणकाने वाचता येणारी डिजिटल पद्धत. मागच्या नोंदीपर्यंत एंड-फेड वायर (एका टोकाला केबल जोडलेली अँटेना) गच्चीवर चढली होती, चारही बँडवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप) दोनच्या आत बसला होता आणि कोण कोणाला ऐकतंय ते दाखवणाऱ्या पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाच्या नकाशावर आपला कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) जपानपासून युरोपपर्यंत दिसायला लागला होता. पण एक गोष्ट सतत खुपत होती. संध्याकाळी ७.०७४ मेगाहर्ट्झवर वीस वॅटने सीक्यू (कोणालाही घातलेली साद) दिला की इंडोनेशियाची स्टेशनं मला उणे आठ, उणे दहा डेसिबल (डीबी) असे रिपोर्ट द्यायची. मी मात्र त्यांना उणे अठरा, उणे वीस परत करायचो, आणि तेही समोरचा शंभर वॅटवर असताना. नकाशावर मला ऐकणारी जी स्टेशनं दिसायची, त्यातली निम्मी मला कधी डीकोडच व्हायची नाहीत, म्हणजे संगणकाला वाचताच यायची नाहीत. अँटेना तीच, मार्ग तोच. म्हणजे माझा सिग्नल नीट पोचत होता, त्यांचा मात्र माझ्या घराभोवतीच्या गोंगाटात बुडत होता. दिवाळीनंतरचा रेडिओचा सगळा वेळ या एकाच कामाला दिला.

नवीन मंडळींसाठी थोडं सांगतो. एफटी८मधला रिपोर्ट म्हणजे २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती आहे, तो आकडा. साधारण उणे २१ पर्यंत डीकोड होतं, त्याखाली गेलं की हातातून सुटलं. आता आपल्याकडचा नॉइज १० डीबीने खाली आणला तर काय होतं? आपल्यापुरती जगातल्या प्रत्येक स्टेशनने पॉवर दहापट केल्यासारखी होते. पॉवर अँप्लिफायर घेऊन हे कधीच साधणार नाही, त्याने फक्त आपण मोठ्याने बोलतो. म्हणून मला वाटतं, अँप्लिफायरसाठी पैसे साठवण्याआधी प्रत्येकाने आपला रिसीव्ह तपासावा.

पहिली चाचणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात बोलकी. रिग (रेडिओ संच) १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतला, लॅपटॉपचा चार्जर काढला, आईची मालिका संपू दिली आणि घरातला मेन स्विच खाली केला. एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) सातवरून थेट तीनवर आला. वॉटरफॉलवर (पडद्यावर सिग्नल रंगांत दाखवणाऱ्या चित्रावर) जी पिवळट धूळ मी इतके दिवस ‘बँडचा स्वभाव’ म्हणून बघत होतो, ती पुसली जाऊन तिच्या जागी गडद निळं आलं आणि त्यात बारीक बारीक रेघा उभ्या राहिल्या. प्रत्येक रेघ म्हणजे ५० हर्ट्झ रुंदीचं एक स्टेशन. आधीही ती तिथेच होती.

मग एमसीबी एकेक करून वर घेत गेलो. सगळ्यात जास्त त्रास वायफाय राउटरच्या अडॅप्टरचा निघाला. स्विचिंग सप्लायचा नॉइज वॉटरफॉलवर ओळखू येतो: कडा फिसकटलेला जाड पट्टा, आणि अडॅप्टर तापत जाईल तसा तो तिरका सरकत जातो. खऱ्या स्टेशनची रेघ अशी सरकत नाही. दुसरा नंबर पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या अडॅप्टरचा, तिसरा स्वयंपाकघरातल्या एका एलईडी बल्बचा. राउटर आता ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या पद्धतीच्या सप्लायवर चालतो, बल्ब बदलला, आणि पाण्याच्या यंत्राच्या वायरीला फेराइटवर (नॉइज अडवणाऱ्या चुंबकीय गाभ्यावर) सात-आठ वेढे दिले. शेजारच्या गच्चीवर सोलर इन्व्हर्टर आहे, त्याचा खरखराट दिवसा येतो. सूर्य मावळला की तो झोपतो, आणि माझं चाळीस मीटर तेव्हाच उठतं, त्यामुळे त्याच्या मागे लागलो नाही.

एवढं करूनही एस-मीटर पाचच्या खाली येईना. इथे एंड-फेडचा मूळ गुणधर्म आडवा येतो. या अँटेनाला परतीचा मार्ग म्हणून काहीतरी लागतंच. वेगळी काउंटरपॉइज (परतीच्या मार्गाची वायर) दिली नसेल तर कोॲक्सच्या, म्हणजे रिगपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या, जाळीचा बाहेरचा पृष्ठभाग ते काम करतो. ट्रान्समिट करताना चालून जातं, पण रिसीव्ह करताना तोच पृष्ठभाग घरातला नॉइज गोळा करून वर फीड पॉइंटपर्यंत नेतो आणि तिथून तो कोॲक्सच्या आत शिरतो. म्हणजे वीस मीटर वायर गच्चीवर मोकळ्या हवेत, आणि अँटेनाचाच एक भाग विजेच्या वायरींना खेटून घरात!

उपाय दोन भागांत केला. फीड पॉइंटवरच्या ४९:१ जुळणी ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडला दोन मीटरची स्वतंत्र काउंटरपॉइज वायर लावली आणि लगेच खाली कोॲक्सवर चोक (बाहेरच्या पृष्ठभागावरून येणारा प्रवाह अडवणारं वेटोळं) बसवला. चोकसाठी ३१ मिक्सचा (मिक्स म्हणजे फेराइटचा प्रकार) २.४ इंची टॉरॉइड (गोल कडं) आणि त्यावर आरजी-५८चे बारा वेढे. चाळीस मीटरवर ४३पेक्षा ३१ मिक्स सरस आहे. वेढे घालताना कोॲक्स फार घट्ट ओढू नका, आतला डायइलेक्ट्रिक दबतो. चोक आल्यावर एसडब्ल्यूआर थोडा हलला, वायर थोडी कापून परत जागेवर आणला. नॉइज एस-तीनच्या आसपास आला, तोही सगळं घर चालू असताना.

शेवटचा फायदा फुकटचा होता. ७.२ मेगाहर्ट्झच्या वर संध्याकाळी ब्रॉडकास्ट स्टेशनं तुफान जोरात असतात आणि त्यांच्यामुळे रिगच्या रिसीव्हरचा पहिला टप्पा गुदमरतो. प्रीअँप (आलेला सिग्नल वाढवणारा टप्पा) बंद केला आणि सिग्नल कमी करणारा १२ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर चालू केला. मीटर खाली गेला, पण डीकोड वाढले. चाळीस मीटरवर प्रीअँपची गरज जवळजवळ कधीच नसते, कारण बाहेरून येणारा नॉइजच रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजपेक्षा कितीतरी वर असतो.

हे करताना जो टेलर यांची आठवण वारंवार यायची. स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत २०१७ मध्ये एफटी८ आणणारे टेलर हे मूळचे पल्सार (नियमित रेडिओ स्पंदनं देणारे तारे) अभ्यासणारे खगोलशास्त्रज्ञ. रसेल हल्स यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये जोड-पल्सार शोधला आणि १९९३ चं नोबेल मिळवलं. गोंगाटाखाली दबलेला नियमित सिग्नल शोधायचा, हे दोन्हीकडचं काम एकच. आणि आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश उभ्या आहेत. ती जागा निवडताना आसपास माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी असणं हा महत्त्वाचा मुद्दा होता. एवढ्या मोठ्या दुर्बिणीलाही आधी शांतता लागते, मग आपल्या वायरीला का नको?

आताची स्थिती अशी: संध्याकाळी एका पंधरा सेकंदांच्या स्लॉटला जेमतेम दहा-बारा डीकोड व्हायचे, ते आता तिशीच्या पुढे जातात. घेतलेल्या आणि दिलेल्या रिपोर्टमधला फरक तीन-चार डीबीवर आला. पहाटे, उजाडण्याच्या सुमारास, युरोप स्वच्छ ऐकू येतो. पॉवर अजून वीस वॅटच आहे आणि ती वाढवायची इच्छा उरलेली नाही. (पहाटे साडेपाचच्या आधीच्या क्यूएसओंची, म्हणजे संपर्कांची, तारीख यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक वेळेनुसार, आदल्या दिवशीची पडते, हाताने लॉग भरणाऱ्यांनी तेवढं बघावं.)

पुढचं काम जेएस८कॉलचं, म्हणजे जेएस८ या डिजिटल पद्धतीच्या सॉफ्टवेअरचं. एफटी८मध्ये रिपोर्टची देवाणघेवाण झाली की बोलणं संपतं. जेएस८मध्ये तसाच क्षीण सिग्नल वापरून मोकळा मजकूर पाठवता येतो, आणि मधलं स्टेशन तो पुढे पोचवू शकतं. मी सांगलीत राहतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या भागात वीज गेली, पाठोपाठ मोबाइलही गेला, आणि कृष्णेचं पाणी कुठवर आलंय हे पलीकडच्या गल्लीतल्या माणसालाही विचारता येत नव्हतं. चाळीस मीटरवर, कमी उंचीच्या इन्व्हर्टेड-व्हीने (उलट्या व्हीच्या आकाराच्या अँटेनाने), बॅटरीवर, इंटरनेटशिवाय कोल्हापूर, सातारा, पुणे जोडलेले राहतात का, हे पावसाळ्याआधी नीट तपासायचं आहे. त्याआधी वळवाच्या विजांचा खरखराट सुरू होईल, आणि आपल्याला पावसाळ्यात लागणारी परिस्थिती साधारण तशीच असणार आहे, म्हणून चाचण्या त्याच दिवसांत ठेवतोय.

रविवारी सकाळी साडेसातपासून ७.०७८ मेगाहर्ट्झवर जेएस८च्या नॉर्मल स्पीडला असेन. लोकेटर (नकाशावरची जागा सांगणारा कोड) एमके७६. ऐकू आलो तर रिपोर्टसोबत तुमची अँटेना किती उंचीवर आहे आणि तुमचा नॉइज किती आहे, तेही पाठवा.