लेकीची पोटगी आणि ‘लागू नाही’चे आठ महिने

‘लागू नाही’ हे दोन शब्द कुठल्याही फॉर्मवर दिसले, तरी माझं डोकं अजून तापतं.

घटस्फोटानंतर लेकीच्या पोटगीसाठी मी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अर्ज केला. (१ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय.) वकीलबाई चांगल्या मिळाल्या, अर्ज लगेच दाखल झाला. घोडं अडलं ते तिच्या बाबांच्या उत्पन्नापाशी.

पोटगी मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं शपथपत्रावर सांगायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात ठरवून दिलंय. माझं शपथपत्र पहिल्याच तारखेला तयार होतं. त्यांचं नाही. एकदा वकील आजारी, एकदा कागद गावाला राहिले. दर तारखेला हाफ डे टाकून मी डोंबिवलीहून लोकलने जायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायची. चौथ्या तारखेला शपथपत्र आलं. बोनस: लागू नाही. मुदत ठेव: लागू नाही. घरभाड्याचं उत्पन्न: लागू नाही. आणि पगार म्हणजे हातात पडणारे एकतीस हजार!

बदलापूरचा फ्लॅट भाड्याने दिलाय, हे मला माहीत होतं. तो आम्ही लग्नानंतरच घेतलेला. वकीलबाईंनी सॅलरी स्लिपवर बोट ठेवलं: ‘टॅक्स कापला जातो तो वेगळा, स्वतःच्या मर्जीने घेतलेल्या कर्जाचे हप्ते वेगळे. हप्ते वजा करून मुलीचा वाटा ठरवायचा नसतो.’ मग फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) आणि तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट हजर करायला लावण्याचा अर्ज. त्यांच्या कंपनीने आमच्या पत्राला उत्तरच दिलं नव्हतं. कोर्टाचा आदेश गेल्यावर कागद आले. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला भाडं जमा झालेलं दिसलं, तेव्हा मी तिथेच बाकावर बसून रडले.

म्हणून घर सोडण्याआधीच कर्जाचे, फ्लॅटचे, विम्याचे कागद झेरॉक्स करून ठेवा. माझ्याकडे फ्लॅटच्या कराराची प्रत होती म्हणून निभावलं.

‘तू कमावतेस ना, मग पोटगी कशाला?’ हे नातेवाइकांकडूनही ऐकलं. पोटगी माझ्यासाठी नव्हतीच, लेकीसाठी होती. पद्मजा शर्मा खटल्यात २००० सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, मुलांचा खर्च दोघांनी आपापल्या पगाराच्या प्रमाणात उचलायचा. म्हणून माझा पगार मी एक रुपयाही लपवला नाही. तुम्हीही लपवू नका.

शेवटी महिना चौदा हजार मंजूर झाले, तेही अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे मधल्या महिन्यांची थकबाकीसुद्धा.

एक राहिलंच. रक्कम थकली तर या कलमाखाली वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देतील पुढे’ म्हणत बसू नका. मी दर दहा तारखेला पासबुक भरून आणते. या महिन्याचे अजून आले नाहीत. सोमवारी वकीलबाईंना फोन करणार आहे.