सिडनहॅम कोण, हे मला बी.कॉम. होऊन वीस वर्षांनी कळलं

आम्ही कॉलेजला नुसतं 'सिडनहॅम' म्हणायचो. चर्चगेटला उतरायचं, जरा चाललं की आलं. तीन वर्षं काढली तिथे, पण हा सिडनहॅम कोण ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. असेल कुणी जुना प्रिन्सिपल, असं धरून चाललो होतो.

निघाला मुंबईचा गव्हर्नर! जॉर्ज सिडनहॅम क्लार्क, आणि तोही मूळचा लष्करी इंजिनिअर. १८६८ साली रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाला. १८८२ मध्ये ब्रिटिश आरमाराने इजिप्तच्या अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, त्यानंतर तिथल्या पडझड झालेल्या किल्ल्यांची पाहणी करून याने अहवाल लिहिला. पुढे १८९० मध्ये तटबंदीवर अख्खं पुस्तकच काढलं. त्याचं म्हणणं असं की, महागडे पक्के किल्ले हवेत कशाला? १८७७ मध्ये बल्गेरियातल्या प्लेव्हना इथे तुर्कांनी घाईघाईत रचलेल्या मातीच्या बांधांनी रशियन फौज पाच महिने अडवून धरली होती. राजगडच्या संजीवनी माचीचे दुहेरी बुरुज पाहून येताना पायांचे तुकडे पडलेल्या मला हे पटायला जरा जड गेलं, पण माणूस हुशार होता खरा.

मग ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाचा गव्हर्नर आणि १९०७ ते १९१३ मुंबईचा. बांधकामाचा सोस इथेही सुटला नाही. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी याच्याच हातची. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी लोणावळ्याला धरण बांधायला घेतलं, त्याचीही.

आणि १९०८मध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला, तेव्हा गव्हर्नर हाच. सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, एका वर्षाला एक दिवस. शाळेत हे सगळं पाठ केलं होतं, पण गव्हर्नरचं नाव काही डोक्यात राहिलं नव्हतं.

१९१३ मध्ये तो लॉर्ड सिडनहॅम झाला आणि त्याच वर्षी कॉलेज निघालं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणतात ते. म्हणून हे नाव. विलायतेत परतल्यावर भारतीय लोकांच्या हाती कारभार देऊ नये म्हणून तो हिरिरीने भांडत राहिला, म्हातारपणी तर तिथल्या फॅसिस्टांच्या कळपात जाऊन बसला. १९३३ मध्ये वारला.

आमच्या गिरगावच्या खोलीत टिळकांची तसबीर होती, पगडीवाली. घरातले महत्त्वाचे कागद आई तिच्यामागे खोचून ठेवायची. खोली रिकामी केली तेव्हा रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर माझी पहिल्या वर्षाची फीची पावतीही तिथेच सापडली. कडा वाळवीने खाल्लेल्या, आकडा पुसट झालेला. कॉलेजचं नाव तेवढं स्वच्छ वाचता येत होतं.