तुम्ही विचारलंत म्हणून: खरंच आवडतात, की गंमत म्हणून?

"मॅडम, ही जुनी डिस्को, पॉप गाणी तुम्ही खरंच आवडीनं ऐकता, की आपली गंमत म्हणून?"

मुलींना माझ्या गाण्याच्या क्लासला सोडायला येणाऱ्या आया विचारतात, भिशीत विचारतात, गाडीत शेजारी बसलेलं कुणीही विचारतं. परवा सीटकव्हर बदलणाऱ्या पोरानंही विचारलं, "हे तुमीच लावलंय, की पोरानं लावून ठेवलंय?" मीच लावलंय, बाबा. माझा पोरगा पुण्यात असतो आणि त्याला रडकी इंग्रजी गाणी आवडतात.

विचारणारे मला ओळखतात, तेव्हा क्लास, तानपुरा, गुरुजी, विशारद हे सगळं पुन्हा सांगत बसत नाही. प्रश्नाला धार येते ती त्यामुळंच. बाई सकाळी भूप राग शिकवते आणि संध्याकाळी बाजाराला जाताना दलेर मेहंदी लावते, म्हणजे एक तर हिचे कान गेलेत, नाही तर चेष्टा चाललीय. बरीच वर्षं मी "अहो, टाइमपास" म्हणून सुटका करून घेतली. आता त्याचाही कंटाळा आला.

गंमत म्हणून नाही ऐकत.

'आप जैसा कोई' तुम्हाला माहीत आहे. १९८० च्या 'कुर्बानी'त नाझिया हसन ते गायली तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती, आणि त्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं. ते सोडा, ते सगळ्या गावाचं आहे. माझं गाणं तिचंच, 'बूम बूम'. १९८२ चा 'स्टार', कुमार गौरवचा. पिक्चर पडला. गाण्यात आवाज पातळ, जरा नाकातला, दमसास बेताचा. ही मुलगी माझ्याकडे शिकायला आली असती तर मी तिला आधी नुसता 'आ'कार लावायला बसवलं असतं, आवाज मोकळा करून घेतला असता, आणि 'बूम बूम' तिथंच मेलं असतं. गाडीत मी हेच ऐकते. माझ्या हाताखालून गेलं असतं तर उरलंच नसतं, असं काहीतरी.

त्या गाण्यांचा संगीतकार बिद्दू. बंगळूरचा माणूस, लंडनला गेला. १९७४ साली त्यानं कार्ल डग्लसकडून 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेतलं ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायला, उरलेल्या वेळात, घाईघाईत. मागची बाजू जगभर वाजली, पुढची कुणाला आठवत नाही. कॅसेटची बी बाजू आधी लावायची सवय मला लहानपणापासून आहे. बिद्दूची गोष्ट कळली तेव्हा फार बरं वाटलं.

रॅपर बाबा सहगलचं 'ठंडा ठंडा पानी', १९९२. चोरी आहे हो, आणि चोरीचीच चोरी. क्वीन हा बँड आणि गायक डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या गाण्यातला बास गिटारचा तुकडा व्हॅनिला आइस या अमेरिकन रॅपरनं १९९० मध्ये उचलला, आणि बाबानं व्हॅनिला आइसचं गाणं उचलून हिंदीत आणलं. माझी बाजू मांडताना हे उदाहरण देऊ नये, हे मला कळतं. पण आवडतं.

दलेर मेहंदीचं 'तुणक तुणक तुन' आता काही अडगळीतलं राहिलेलं नाही. लोक म्हणायचे, याची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या पोरींमुळं. त्यावर यानं १९९८ मध्ये पोरीच काढून टाकल्या, निळ्या पडद्यासमोर एकटा नाचला आणि पडद्यावर चार चार दलेर उभे केले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या व्हिडिओ गेममधल्या एका जमातीचे पुरुष त्याच्यासारखं नाचतात, असं मुलानं मला करून दाखवलं. शब्दांना अर्थ काय, असं विचारणाऱ्यांना मी तराणा ऐकवते. तिथं 'देरेना'चा अर्थ काढून मागायची तुमची छाती होत नाही.

हे सगळं कुठून आलं, याचं एक सुंदर कारण मी सांगायची. आमच्या वडलांचे माग होते, इथंच सोलापुरात, अशोक चौकाच्या पलीकडे. टर्किश टॉवेल. शेडमध्ये टू इन वन होता, पण मागांच्या खडखडाटात लताबाई ऐकूच यायच्या नाहीत. हरकती, मुरक्या, शब्द, सगळं धोट्याखाली चिरडून जायचं. पार जायचा तो एखादा चमत्कारिक आवाज, एखादी 'हुर्र', एखादी सिंथेसायझरची किंकाळी. मामानं वडलांच्या भजनांच्या कॅसेटची तोडलेली खाच चिकटपट्टीनं बुजवून तिच्यावर डिस्को भरला होता. अभंगाचं शेवटचं कडवं अर्ध्यात तुटायचं आणि 'औवा औवा' सुरू. कामगार मान न वळवता हसायचे. माझा कान तिथं घडला, असं मी सांगायची आणि ऐकणाऱ्यांना ते पटायचं.

अडचण एवढीच, की माझी बहीण त्याच शेडमध्ये माझ्या शेजारी बसून कांड्या भरत होती आणि तिला आजही फक्त भावगीतं आवडतात. तेव्हा ते कारण राहू द्या.

आता 'औवा औवा'. तुमच्यातल्या निम्म्यांना माझ्याबद्दल जे माहीत आहे ते त्या संध्याकाळचं, आणि बहुतेकांना ऐकीव.

करोनाच्या आधीची गोष्ट. इथल्या एका मंडळाचा कार्यक्रम होता, 'मला भावलेलं गाणं'. प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं आणि गाणं ऐकवायचं. माझ्या आधी एकांनी नाट्यपद घेतलं, एकींनी गझल. मी घेतलं 'डिस्को डान्सर'मधलं 'कोई यहाँ नाचे नाचे'. त्या पिक्चरचं 'जिमी जिमी' सगळ्यांना पाठ, हे मागं पडलेलं. मी चार पानं टिपणं काढली होती. बगल्स नावाच्या इंग्रज जोडीचं १९७९ चं गाणं, 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं ते याच गाण्यानं. पुढच्याच वर्षी बप्पी लाहिरींनी ते हिंदीत आणलं. मूळ गाण्यात मागच्या मुली जो हुंकार देतात, त्याची आपल्याकडे 'औवा औवा' झाली, आणि मागं होती ती पुढं आली. मला हे फार महत्त्वाचं वाटत होतं. अजूनही वाटतं.

मग मी ते गाणं गाणाऱ्या उषा उथुप यांच्याकडे वळले. शाळेत त्यांना गाण्याच्या तासातून बाहेर काढलं होतं, आवाज बाकीच्या मुलींत बसत नाही म्हणून. पण त्यांच्यात संगीत आहे हे बाईंना कळलं होतं, म्हणून हातात ट्रँगल वगैरे वाजवायला द्यायच्या. हे सांगताना मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. तिथं माझी एक विद्यार्थिनी आईबरोबर बसली होती. क्लासच्या सगळ्या मुली काळी चारमध्ये गातात, ही पांढरी चारमध्ये, म्हणजे बरीच खालच्या पट्टीत. भरदार, खाली छान पसरणारा आवाज, आणि त्याची तिला भयंकर लाज. प्रार्थनेला नुसते ओठ हलवायची. खरं सांगायचं तर ते गाणं मी निम्मं तिच्यासाठीच निवडलं होतं. नाव घेतलं नाही. नुसतं बघितलं. पण सोलापूरच्या हॉलमध्ये वक्त्यानं एका दिशेला बघितलं की सगळ्या माना तिकडे वळतात.

मग गाणं लावलं. मोबाईल स्पीकरला जोडलेला, आणि सुरू झाली मसाल्याची जाहिरात. पहिला हशा तिथं पिकला. तो अगदी रास्त होता, मीही हसले. पण 'औवा औवा' सुरू झाल्यावर तो थांबलाच नाही. मागून कुणीतरी शिट्टी मारली. निवेदक उभा राहून हात हलवायला लागला. तिसऱ्या रांगेत ती मुलगी तोंडावर हात धरून हसत होती आणि तिची आई अजिबात हसत नव्हती.

पहिल्या रांगेत गुरुजी बसले होते, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. त्यांचं एक बोट ठेक्यात हलत होतं. मी बघितलंय. बहीण म्हणते, त्यांचा हात तसाही थरथरतो, तुला हवं ते तू बघितलंस. असेल. पण थरथर समेवर येत नाही.

अध्यक्ष समारोपात म्हणाले, "शास्त्रीय पंगतीत मॅडमनी आज शेंगाचटणी वाढली." टाळ्या. दुसरीकडे कुठं बोलले असते तर सोडून दिलं असतं. अहो, सोलापुरात? इथं विड्या वळणाऱ्या, मागावर जाणाऱ्या किती घरांत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही हेच अख्खं जेवण असतं. तोंडी लावणं काय म्हणता! हे मला तिथं सुचलं नाही. घरी, रात्री भांडी आवरताना सुचलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईचा फोन आला. "सगळ्यांसमोर माझ्या मुलीचा आवाज पुरुषी म्हणालात तुम्ही." मी म्हटलं, ताई, मी असं काहीच म्हणाले नाही, उलट मी कौतुक… "कौतुक असं करतात होय?" मुलगी पुन्हा आली नाही. गाण्याच्या परीक्षेचा, प्रवेशिकेचा फॉर्म भरलेला होता, तोही राहिला. आता ती गाते का, मला माहीत नाही. नवी पेठेत एकदा दिसली, मला बघून दुकानात शिरली.

गुरुजी मात्र त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी गेले तर म्हणाले, "मारव्यातला रिषभ अजून वर जातोय तुझा." बास.

त्या संध्याकाळची मी आठवली की कधी कधी राग येतो. कशाला हवी होती चार पानं? एमटीव्ही, एकोणऐंशी, एक्याऐंशी! आवडतं म्हणायचं, लावायचं आणि बसायचं. तू परीक्षेला बसल्यासारखी उभी होतीस, त्यांच्याकडून मार्क मागत होतीस. मग ती, तेव्हाची, मला सुनावते: पुराव्याशिवाय त्या हॉलमध्ये मला माईक कुणी दिला असता? नाट्यपदवाल्या काकांना कुणी विचारलं का, खरंच आवडतं की गंमत? मी तिला म्हणते, आणि त्या मुलीचं काय? यावर ती काही बोलत नाही. मीही नाही. कौतुक होतं ते, एवढं मात्र दोघी धरून आहोत.

तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर क्लासमध्ये ही गाणी शिकवा. नाही शिकवणार. पालक पैसे देतात ते सूर सरळ लावून घेण्याचे, आणि ते काम मी चोख करते. नाकातला आवाज आला की मी आजही थांबवते. आणि थांबवताना प्रत्येक वेळी शंका येते, की आता आपण काय घालवलं. सरगम पुढं चालू राहते, कारण बाहेर पुढची बॅच चपला काढत असते.

हल्ली आणखी एक त्रास झालाय. ज्यांनी तेव्हा नाकं मुरडली तेच आता 'आपलं नाइन्टीज' म्हणून हीच गाणी ग्रुपवर टाकतात, डोळ्यांत पाणी आलेल्या इमोजीसकट. लग्नाच्या संगीतात 'तुणक तुणक'वर काका मंडळी नाचतात. मला म्हणतात, मॅडम, आता खूश? मी खूश नाही. त्यांना स्वतःचं कॉलेज आठवतंय, गाणं ऐकू येतच नाहीये. 'बूम बूम'मध्ये एक श्वास आहे, ओळ संपायच्या आत संपलेला, तो कुणी ऐकला का विचारलं तर विषय बदलतात.

मंडळाचा यंदाचा विषय आहे 'तरुणपणीचं गाणं'. फॉर्म आलाय. गाण्याचं नाव लिहायच्या जागी मी 'बूम बूम' लिहिलं, खोडून मारव्यातली एक बंदिश लिहिली, मग तीही खोडली. काल संयोजकांचा फोन आला, "मॅडम, या वेळी पण हसवणार ना?" उद्या सांगते म्हटलं.